आधी प्रशिक्षण, मग पोर्टल : उरणकरांचा जाहीर इशारा

उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई विद्यापीठ, सहसंचालक, उच्च शिक्षण, कोकण विभाग, पनवेल, आणि उरण तालुक्यात महाविद्यालयं चालवणाऱ्या संस्थांचे पदाधिकारी यांस,

येत्या 25 सप्टेंबरला, चिरनेरच्या हुतात्मा दिनाच्या संध्याकाळपर्यंत, आपण सर्वांनी एका प्रश्नाचं लेखी उत्तर द्यायचं आहे. अध्यापकांना आणि कर्मचाऱ्यांना शैक्षणिक तंत्रज्ञान शिकवण्यासाठी सरकारी तिजोरीतून जो पैसा निघतो, त्यातला किती उरणपर्यंत पोचला, तो कोणावर खर्च झाला आणि त्यातून कोणाला काय करता येऊ लागलं?

उत्तर आलं नाही, किंवा ‘माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे’ असं नेहमीचं आलं, तर पुढे काय होईल ते याच पत्राच्या शेवटी लिहिलं आहे. उद्या कोणी ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणू नये, म्हणून ते आजच आणि जाहीरपणे लिहीत आहोत.

लिहिणारे आम्ही उरणचे पालक. आमची मुलं कोकण ज्ञानपीठाच्या उरण महाविद्यालयात जातात, फुंड्याला रयत शिक्षण संस्थेच्या वीर वाजेकर महाविद्यालयात जातात, काही लोकल पकडून नवी मुंबई गाठतात. ही दोन्ही महाविद्यालयं इथल्या आगरी, कोळी, कराडी आणि आदिवासी घरांतल्या पहिल्या पदवीधरांची महाविद्यालयं आहेत. त्यांच्यावर आमचा आरोप नाही. उलट, वरून आदेश येतात आणि खाली साधनं येत नाहीत, अशा कात्रीत कोणतंही ग्रामीण महाविद्यालय कसं सापडतं ते आम्ही जाणतो. म्हणूनच जाब वरपासून विचारायचा आहे.

2017 विसरलेलो नाही

मुंबई विद्यापीठाने 2017 च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. कल्पना वाईट नव्हती. गठ्ठे वाहून नेणं वाचलं असतं, बेरजेच्या चुका टळल्या असत्या, निकाल लवकर लागले असते. पण निर्णय झाला परीक्षांच्या तोंडावर. ठेकेदार नेमेपर्यंत एप्रिल सरला. 17 लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन व्हायच्या होत्या आणि ज्यांनी त्या तपासायच्या त्या हजारो प्राध्यापकांच्या सरावाला वेळच उरला नव्हता. पानं अस्पष्ट, पुरवण्या गायब, लॉगिन होईना, झालं तर भलत्याच विषयाची उत्तरपत्रिका समोर.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2016 सांगतो की निकाल शक्यतो 30 दिवसांत आणि फार तर 45 दिवसांत लागला पाहिजे. कुलपती असलेल्या राज्यपालांना 31 जुलैची मुदत घालून द्यावी लागली. तीही टळली. महाविद्यालयांतले तास थांबवून प्राध्यापकांना तपासणी केंद्रांवर बसवलं, नागपूरच्या प्राध्यापकांची मदत घेतली, तरी निकालांचं रडगाणं सप्टेंबरपर्यंत चाललं. 24 ऑक्टोबर 2017 रोजी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं. त्याच जुलैत विद्यापीठाने स्थापनेची 160 वर्षं पूर्ण केली होती, आणि इतक्या वर्षांत अशी वेळ पहिल्यांदा आली.

कुलगुरू गेले, पण ज्या मुलांचे पुढचे प्रवेश हुकले आणि नोकऱ्या निसटल्या, त्यांचं वर्ष कोणी परत दिलं नाही. त्या उन्हाळ्यात यंत्रासाठी पैसा होता, ठेक्यासाठी पैसा होता. यंत्रासमोर बसणाऱ्या माणसाला आधी शिकवायला हवं, एवढंच कोणाच्या नियोजनात नव्हतं. हा दोष एका कुलगुरूचा म्हणून फाइल बंद करणं सोयीचं होतं. ती सोय आम्ही तुम्हाला पुन्हा देणार नाही.

आकडा तोच, घोषणा नवी

पैसा नाही, असं कोणी सांगू नये. 2009 मध्ये केंद्राने माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. डिसेंबर 2014 मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांच्या नावाने शिक्षक आणि अध्यापन यांसाठी वेगळं अभियान आलं. जुलै 2017 मध्ये ऑनलाइन अभ्यासक्रमांचं ‘स्वयम’ आलं. नोव्हेंबर 2018 मध्ये ‘अर्पित’ आलं : 75 राष्ट्रीय संसाधन केंद्रं आणि उच्च शिक्षणातल्या 15 लाख अध्यापकांचं ऑनलाइन उजळणी प्रशिक्षण. 5 सप्टेंबर 2023 ला, शिक्षक दिनी, मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम आला : 111 केंद्रं आणि उच्च शिक्षणातले 15 लाख अध्यापक. त्याच्या आठ विषयांपैकी एक विषय माहिती तंत्रज्ञानाचा.

2018 मध्ये 15 लाख, 2023 मध्ये पुन्हा 15 लाख. पहिले 15 लाख शिकून तयार झाले असतील, तर दुसऱ्यांदा तोच आकडा कशाला? झाले नसतील, तर पहिल्या वेळचा हिशेब कुठे आहे?

त्याशिवाय प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा अभियान आहे. 2023-24 ते 2025-26 या तीन वर्षांसाठी त्याची मंजूर तरतूद 12,926.10 कोटी रुपये होती. केंद्र 60 आणि राज्य 40 अशी वाटणी. त्यात इमारती आहेत, उपकरणं आहेत, प्रयोगशाळा आहेत. इमारत दिसते, तिचा फोटो काढता येतो, कोनशिलेवर नाव कोरता येतं. शिकलेल्या प्राध्यापकावर कोनशिला बसवता येत नाही, म्हणून तो खर्च कायम शेवटच्या ओळीत ढकलला जातो.

आमच्या दारातल्या न्हावा-शेवा बंदरातून बाहेर पडलेला कंटेनर या क्षणी कोणत्या रस्त्यावर आहे, हे 2016 पासून त्याच्यावरच्या टॅगवरून कळतं. लोखंडाच्या खोक्याचा माग ठेवणाऱ्या देशाला प्रशिक्षणाच्या रुपयाचा माग ठेवता येत नाही, हे आम्ही मान्य करणार नाही.

प्रमाणपत्र म्हणजे प्रशिक्षण नव्हे

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्राध्यापकाच्या बढतीसाठी उजळणी वर्ग आणि तत्सम अभ्यासक्रम पुरे करावे लागतात. राज्याने 8 मार्च 2019 च्या शासन निर्णयाने ही चौकट स्वीकारली. हेतू चांगला होता. पण करोनानंतर हे वर्ग मोठ्या प्रमाणात ऑनलाइन झाले आणि कॅमेरा बंद, आवाज बंद, प्रमाणपत्र सुरू अशी एक रीत पडली. बढतीचं गुणपत्रक भरलं, वर्ग तसाच राहिला.

प्राध्यापक मंडळींनो, हा इशारा तुम्हालाही आहे. तुमच्या रजेसाठी, तुमच्या मानधनासाठी, तुमच्या शिकण्याच्या हक्कासाठी आम्ही भांडू. पण प्रमाणपत्र फायलीत आणि स्मार्ट बोर्ड चादरीखाली, हे चालणार नाही. शिकून आलात तर पुढच्या महिन्यात वर्गात काय बदललं, ते मुलांना दिसलं पाहिजे.

प्रशिक्षण खरं असेल तर ते ओळखता येतं. वाणिज्य शिकवणाऱ्याला प्रत्यक्ष हिशेबाचं सॉफ्टवेअर वर्गात चालवून दाखवता यावं. इतिहास शिकवणाऱ्याला जुने नकाशे आणि कागदपत्रं पडद्यावर उघडून मुलांकडून वाचून घेता यावीत. अंध विद्यार्थ्याला ऐकता येईल अशी टिपणं करता यावीत. मूडलसारख्या मोफत प्रणालीवर प्रश्नपेढी बांधता यावी. एखाद्या मुलाने प्रकल्प चॅटजीपीटीकडून लिहून आणला असेल, तर नुसता संशय न घेता तोंडी चार प्रश्न विचारून त्याला खरोखर किती समजलं ते पाहता यावं. आणि मुलांचे आधार क्रमांक, फोटो, जातीचे दाखले व्हॉट्सॲपच्या गटात टाकायचे नसतात, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असावं. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा 2023 मध्येच मंजूर झाला आहे.

हे सगळं दोन आठवड्यांच्या पडद्यावरच्या व्याख्यानांनी येत नाही. हे या देशाला माहीतही आहे. आयआयटी मुंबईने 2009 च्या त्या राष्ट्रीय अभियानाच्या पैशातून दहा हजार अध्यापकांना शिकवण्याचा प्रकल्प राबवला, तेव्हा व्याख्यान पवईहून होत असे, पण देशभरच्या केंद्रांवर अध्यापक समोरासमोर बसत, स्थानिक समन्वयक हाताशी असे आणि प्रश्न तिथल्या तिथे विचारता येत. 2017 मध्ये त्याच संस्थेने अध्यापकांसाठी शैक्षणिक तंत्रज्ञानाचा पायाभूत अभ्यासक्रम काढला. त्यात स्वतःच्या विषयाचा धडा स्वतः तयार करायला लावत. ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे तर मराठीतही आहेत. पवई ते उरण हे अंतर आता अटल सेतूने फारसं उरलेलं नाही. अडचण अंतराची नाही, इच्छेची आहे.

ज्यांचा कोणी विचारच केला नाही

आपल्या महाविद्यालयांतले कितीतरी तास आज तासिका तत्त्वावरचे अध्यापक घेतात. त्यांना तासाला पैसे मिळतात. त्यांच्यासाठी प्रशिक्षणाचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. वर्गात सर्वाधिक वेळ उभा राहणारा माणूस शिकायला गेला की त्याचाच खिसा कापला जातो, अशी व्यवस्था तुम्ही चालवता आणि वर विचारता की प्रतिसाद का नाही!

दुसरे, कार्यालयातले लिपिक. घोषणांमधला 15 लाखांचा आकडा अध्यापकांचा आहे. लिपिकाचा आकडा आम्हाला कुठल्याही घोषणेत दिसला नाही. आणि सगळा भार येतो तो त्याच्या खिडकीवर. प्रवेशाचा अर्ज, ‘समर्थ’ प्रणालीतली नोंद, श्रेयांक पेढीचं खातं, ‘अपार’ हा विद्यार्थी ओळख क्रमांक, शिष्यवृत्तीचं महाडीबीटी. घरत, म्हात्रे, ठाकूर, कडू, कोळी ही आमची आडनावं आधारवर एका स्पेलिंगने असतात, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्या. कुठे वडिलांचं नाव आधी, कुठे नंतर. नाव जुळलं नाही की खातं उघडत नाही, खातं उघडलं नाही की श्रेयांक जमा होत नाहीत. ही गाठ कशी सोडवायची ते खिडकीतल्या माणसाला कोणी शिकवलेलं नसेल, तर तो ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ म्हणतो. कोप्रोलीहून, केगावहून, मोऱ्याहून आलेलं पोर परत जातं. घारापुरीच्या पोराचा तर होडीसकट दिवस जातो. ज्या बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज पोचायला फेब्रुवारी 2018 उजाडावं लागलं, तिथल्या मुलाला तुम्ही ‘घरून ऑनलाइन भर’ सांगता, तेव्हा त्याच्या घरात काय आहे याची चौकशी तरी करा.

2024-25 पासून नवीन शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत लागू झालं. 2021 च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी 40 टक्क्यांपर्यंत ‘स्वयम’वरून करण्याची मुभा संस्थांना आहे. याचा अर्थ, चूक झाली तर ती आता एका परीक्षेपुरती राहणार नाही. प्रवेश, अध्यापन, परीक्षा, श्रेयांक आणि पदवी ही सगळी साखळी एकाच प्रकारच्या प्रणालीवर उभी राहते आहे. 2017 मध्ये एक कडी तुटली होती. पुढच्या वेळी साखळीच तुटेल.

सबबी आधीच बाजूला ठेवा

पहिली सबब : ‘आजकालच्या प्राध्यापकांना मोबाइल येतोच की.’ मोबाइल हाताळता येणं आणि त्यावरून साठ मुलांना शिकवता येणं यांत फरक आहे. 2020 च्या टाळेबंदीत प्राध्यापकांनी स्वतःचे फोन, स्वतःचा डेटा वापरून तास घेतले, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण संकटात निभावून नेलं म्हणून त्यालाच व्यवस्था म्हणू नका.

दुसरी सबब : ‘उरणला कसली कमी? जेएनपीए आहे, ओएनजीसी आहे, सामाजिक दायित्वाचा निधी आहे.’ आहे, आणि कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार शिक्षणावर तो खर्च करताही येतो. तो मिळाला तर घेऊ. पण कंपनी एकदा संगणक देईल, वर तिचं नाव रंगवेल. दरवर्षी नव्या अध्यापकाला शिकवणं, जुन्याला उजळणी देणं, लिपिकाची बदली झाली की नव्याला तयार करणं हे सरकारचं काम आहे. ते दानावर सोडता येणार नाही. नवी मुंबई वसवताना सिडकोच्या 95 गावांच्या यादीत आमच्या जमिनी गेल्या तेव्हा सरकार स्वतः आलं होतं. मुलांच्या शिक्षणाच्या वेळी कंपन्यांना पुढे करू नका.

तिसरी सबब : ‘हा विषय महाविद्यालयाच्या अखत्यारीत नाही.’ आहे. विद्यापीठ कायद्याच्या कलम 97 खाली प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती आहे. अध्यापनात माहिती तंत्रज्ञानाचा वापर वाढवण्यासाठी आणि कर्मचाऱ्यांच्या योग्य प्रशिक्षणासाठी शिफारशी करणं हे कायद्याने तिच्यावर टाकलेलं काम आहे. वर्षातून किमान चार वेळा तिने बसायचं आहे. विद्यापीठातही माहिती तंत्रज्ञान मंडळ याच कायद्याने दिलेलं आहे. नव्या समित्या, नवे अभ्यासगट नेमू नका. आहेत त्यांनी आपलं काम करावं.

आमच्या मागण्या

1. 25 सप्टेंबरपर्यंत : 2018-19 पासून आजवर उरण तालुक्यातल्या महाविद्यालयांतल्या किती अध्यापकांना आणि किती कर्मचाऱ्यांना शैक्षणिक तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण मिळालं, कोणत्या योजनेतून, किती दिवसांचं आणि किती खर्चाने, याचा तक्ता विद्यापीठाने आणि सहसंचालक कार्यालयाने जाहीर करावा. नावं नकोत, आकडे हवेत. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 अशी माहिती मागण्याआधीच जाहीर करायला सांगतं.

2. यापुढे कोणतीही नवी प्रणाली सक्तीची करण्यापूर्वी ती वापरणाऱ्यांचं प्रशिक्षण पूर्ण झाल्याचं लेखी प्रमाणित व्हावं. तोवर कागदाचा पर्याय चालू राहावा.

3. तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांना प्रशिक्षणाच्या तासांचं मानधन अध्यापनाच्या दरानेच मिळावं.

4. लिपिक, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा कर्मचारी यांच्यासाठी स्वतंत्र तरतूद असावी आणि ती साहित्य खरेदीकडे वळवता येऊ नये.

5. मालवीय मिशनच्या विद्यापीठातल्या केंद्राने उरणमध्ये समोरासमोरची, मराठीतून, विषयवार सत्रं घ्यावीत. पहिलं सत्र 16 जानेवारीच्या आत सुरू व्हावं.

6. प्रत्येक महाविद्यालयाने विकास समितीच्या इतिवृत्तातला प्रशिक्षणाचा भाग सूचनाफलकावर लावावा.

मुदत संपल्यावर

26 सप्टेंबरच्या सकाळी माहिती अधिकाराचे अर्ज पडायला सुरुवात होईल. मंत्रालयात, विद्यापीठात, पनवेलला आणि महाविद्यालयांत. वरच्या प्रत्येक मुद्द्यावर वेगळा, उरणच्या गावागावांतून. 30 दिवसांत उत्तर नाही, तर 31 व्या दिवशी पहिलं अपील.

विकास समित्यांवरच्या अध्यापक, शिक्षकेतर आणि विद्यार्थी प्रतिनिधींना आम्ही जाहीर आवाहन करतो : प्रशिक्षणाशिवाय नवी प्रणाली आली, तर बैठकीत लेखी विरोध नोंदवा. जो गप्प बसेल, त्याला त्याच्या गावात प्रश्न विचारला जाईल.

नव्या संगणक कक्षाच्या किंवा स्मार्ट वर्गाच्या उद्घाटनाला पालक येतील, पण टाळ्या वाजवायला नाही. फीत कापणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला एकच प्रश्न विचारला जाईल : हे चालवायला कोणाला शिकवलंत?

16 जानेवारीपर्यंत पहिलं सत्र सुरू झालं नाही, तर उरणच्या तहसील कार्यालयासमोर बेमुदत धरणं धरू आणि तिथूनच मुंबई उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेची तयारी करू. धरणं शांततेचं असेल. परीक्षा अडवली जाणार नाही, कोणाचा अर्ज रोखला जाणार नाही. मुलांचं वर्ष पणाला लावण्याचा प्रकार 2017 मध्ये विद्यापीठाने केला होता, आम्ही करणार नाही.

या दोन तारखा आम्ही सहज निवडलेल्या नाहीत. 25 सप्टेंबर 1930 ला चिरनेरच्या लोकांनी जंगलाच्या हक्कासाठी गोळ्या झेलल्या. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी उभे राहिले, पाच जण हुतात्मा झाले आणि साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व सरकारला मान्य करावं लागलं. त्या मानाने आज आमचं मागणं फार छोटं आहे. कोणाची जमीन नको, नोकरीचं आरक्षण नको. तुम्हीच मंजूर केलेला पैसा, तुम्हीच ठरवलेल्या कामासाठी, तुम्हीच केलेल्या कायद्याप्रमाणे खर्च करा आणि त्याचा हिशेब द्या, इतकंच. एवढ्या छोट्या मागणीलाही उत्तर नसेल, तर त्याचा अर्थ उरण आपला आपण लावील, आणि पुढची पावलंही त्याच हिशेबाने टाकील.

मुदत आजपासून सुरू झाली आहे.

उरण तालुक्यातील पालक